मी शांत माणूस, मग माझंच बीपी का उसळतं?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३९. सकाळी घरी मोजलेलं बीपी १२२/७८ च्या आसपास असतं. वरिष्ठांसमोर सादरीकरण होतं त्या दिवशी आत जायच्या दहा मिनिटं आधी तुम्ही सहज पट्टा बांधला, तर १५६/९४ आणि नाडी १०४. तुम्ही कुणावर आवाज चढवत नाही, घरचे तुम्हाला थंड डोक्याचा म्हणतात. उलट शेजारी बसणारा सहकारी दिवसातून दोनदा तरी टेबल आपटतो, आणि त्याच्या तपासणीत बीपी ‘एकदम नॉर्मल’ निघालं. त्यात कुठल्याशा प्रश्नावलीनं तुम्हाला ‘टाइप ए’ ठरवून टाकलं. तुम्ही विचारताय की स्वभावानं हृदयाचं नुकसान होतं का, आणि होत असेल तर स्वभाव बदलायचा कसा.

मी पेशानं डॉक्टर. पंधरा-सोळा वर्षं अशा प्रयोगशाळेत काढली, जिथे धडधाकट माणसांना मुद्दाम ताण देऊन त्यांचं बीपी आणि ईसीजी मोजायचा. आता रक्तदाबाचे रुग्ण बघतो. त्यामुळे तुमच्यासारखा ‘मी तर शांत आहे’ म्हणणारा माणूस मला दोन्हीकडे भेटलाय, आणि खरं सांगायचं तर भडक माणसापेक्षा त्याचीच केस मला जास्त रंजक वाटत आली आहे.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकात एक अडकलेत. ताण आल्यावर तुमचं शरीर किती उसळतं, हा एक. तसं दिवसातून, वर्षातून किती वेळा होतं, हा दुसरा. आणि उसळलेलं खाली यायला किती वेळ लागतो, हा तिसरा. तुम्ही पहिल्याचाच आकडा धरून बसला आहात, कारण यंत्रावर तोच दिसतो. स्वभावाचा हात मात्र दुसऱ्या-तिसऱ्यात जास्त असतो. हे माझं मत एवढ्यावर सोडून देत नाही, कसं ते सांगतो. पण त्याआधी एक कबुली: एका माणसाच्या एका दिवसाच्या एका आकड्यावरून मी काहीही ठामपणे सांगू शकत नाही. त्या दिवशी झोप किती झाली होती, कॉफी कधी घेतली होती, जिना चढून आला होतात का, पट्टा दंडाच्या मापाचा होता का, मोजताना कुणाशी बोलत होतात का (नुसतं बोलण्यानंही वरचा आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो), आईवडिलांपैकी कुणाला बीपी आहे का, सर्दीची गोळी घेतली होती का, या प्रत्येकानं तो १५६ इकडेतिकडे होतो. तेव्हा पुढचं सगळं ‘बहुतेक’ या शब्दासकट वाचा.

त्या दहा मिनिटांत शरीरात काय झालं ते बघू. हृदयाला दोन लगाम असतात. व्हेगस नावाची नस त्याला कायम मागे खेचून धरते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या आसपास राहते ती तिच्यामुळे, नाहीतर हृदय स्वतःच्या मर्जीनं शंभरच्या घरात धावेल. दुसरी अनुकंपी चेतासंस्था, ती टाच मारणारी. दाराबाहेर उभं असताना पहिल्यांदा व्हेगसची पकड सुटते, तीही एकदोन ठोक्यांत. मग काही सेकंदांत अनुकंपी नसा कामाला लागतात, मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथींतून अड्रेनालिन रक्तात येतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक, ते सगळ्यात सुस्त. ताण सुरू झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी ते शिखरावर पोचतं, म्हणजे तुमचं सादरीकरण संपत आलेलं असतं तेव्हा.

यात एक बारकावा आहे, जो बीपीच्या यंत्रावर दिसत नाही. दाब दोन वाटांनी वाढतो. पंप जोरात चालला तरी वाढतो आणि पाइप आवळले तरी वाढतो. तोंडी हिशेब करायला लावला तर बहुतेकांचा पंप जोर धरतो, नाडी पळते, स्नायूंकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उलट थोड्या सैलावतात. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितला तर रक्तवाहिन्या आवळतात आणि नाडी त्या मानानं कमी हलते. पहिल्यात काहीतरी करायचं असतं, दुसऱ्यात निमूट सोसायचं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल ऑब्रिस्ट यांनी हा फरक १९७० च्या दशकात नीट मांडला. पुढे जिम ब्लास्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात भर घातली: तेच काम ‘हे मला जमेल’ म्हणून हातात घेतलं तर पंपाचा नमुना दिसतो, ‘आता माझी फजिती होणार’ म्हणून घेतलं तर पाइपचा. म्हणजे १५६ हाच आकडा दोन माणसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगत असू शकतो. तुमची नाडी १०४ होती, त्यावरून पंप जोरात होता एवढं दिसतं, जे सादरीकरणाआधी अगदी स्वाभाविक आहे. खालचा ९४ मात्र सांगतो की थोडे पाइपही आवळले असावेत.

आता स्वभावाकडे येऊ. ‘टाइप ए’ हा शब्द आला तो मेयर फ्रीडमन आणि रे रोझनमन या सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन हृदयतज्ज्ञांकडून, १९५९ मध्ये. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात: दवाखान्यातल्या खुर्च्यांचं कापड बदलायला आलेल्या कारागिराला त्या फक्त पुढच्या कडेलाच झिजलेल्या दिसल्या, जणू रुग्ण कायम उठायच्या तयारीत बसत होते. घाई, चढाओढ, वेळेशी झुंज आणि पटकन उसळणारा राग, असं त्या स्वभावाचं वर्णन. १९६० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ ते ५९ वयाच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, आणि टाइप ए वाल्यांना हृदयविकार सुमारे दुप्पट दिसला. शब्द घराघरांत पोचला. पुढे मात्र गाडी घसरली. १९८० च्या दशकातल्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध सापडेना. १९८८ मध्ये तर त्याच मूळ गटातल्या, आधीच हृदयविकार झालेल्या पुरुषांत टाइप ए वाले जास्त तगले असं निघालं! आणि तंबाखू उद्योगानं या संशोधनात बराच पैसा घातला होता, हेही नंतर त्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. दोष सिगारेटचा नाही, स्वभावाचा, असं म्हणता आलं तर कुणाला नको होतं?

म्हणून तुमची ती प्रश्नावली बाजूला ठेवा. वेळेवर पोचण्याची घाई, दोन कामं एकदम करणं, लिफ्टचं बटण तीनदा दाबणं यानं हृदय खराब होतं असं मी कुणाला सांगत नाही.

टाइप ए च्या गाठोड्यातून एक धागा मात्र शिल्लक राहिला. तो म्हणजे वैरभाव. नुसता राग नव्हे. लोक मुळात लबाड असतात, संधी मिळाली की फसवतात, समोरचा गोड बोलतोय म्हणजे काहीतरी डाव आहे, अशी कायमची कडवट नजर. २००९ मध्ये योइची चिदा आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी तोवरचे दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. निरोगी लोकांत राग आणि वैरभाव जास्त असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका १९ टक्क्यांनी जास्त निघाला, आधीच हृदयविकार असणाऱ्यांत २४ टक्क्यांनी. आकडा खरा आहे, पण धूम्रपानापुढे लहान आहे. आणि कडवट माणसं व्यायाम कमी करतात, सिगारेट जास्त ओढतात, गोळ्या मध्येच सोडतात, हा भाग वजा केला की तो आणखी आकसतो.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं, आणि त्यातली गंमत मला पहिल्या वर्षीच कळली. आमच्याकडची नेहमीची परीक्षा जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात तयार झालेली, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली. थोडी तयारी करायला द्यायची, मग कोऱ्या चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण, आणि लगेच पाच मिनिटं वजाबाकी: १०२२ मधून १३, १००९ मधून १३, असं खाली खाली. चुकलात की परत १०२२.

एक चाळिशीचा स्वयंसेवक, वैरभावाच्या प्रश्नावलीत वरच्या टोकाचा. वजाबाकी त्यानं आरामात केली. १००९, ९९६, ९८३, ९७०. बीपी जेमतेम पंधरानं वर. माझी तरुण मदतनीस निराश झाली, तिला वाटलं होतं हा उसळणार. मग नियमाप्रमाणे तिनं थंड आवाजात म्हटलं, “चुकलात. पहिल्यापासून सुरू करा.” तो चुकलेला नव्हता, चूक तिच्या कागदावर होती. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, परत १०२२ पासून सुरू केलं. पडद्यावर मात्र वरचा आकडा १३० वरून १७० च्या पुढे गेला, आणि परीक्षा संपून वीस मिनिटं झाली तरी १४५ च्या खाली उतरेना. मी आत गेलो तर तो म्हणाला, “तिनं मुद्दाम केलं.”

त्या एका प्रसंगात मोठ्या आढाव्यांचं सार आहे. वैरभावी माणसाचं शरीर गणितानं उसळत नाही, बर्फानं उसळत नाही. ते उसळतं डिवचल्यावर, अपमान झाल्यावर, आपल्याशी अन्याय झाला असं वाटल्यावर. स्वभाव हा कायम चालू असलेला नळ नाही. तो एखाद्या कुलपासारखा आहे, ठरावीक किल्लीनंच उघडतो. म्हणून ‘या स्वभावाच्या माणसाचं बीपी किती चढतं’ या प्रश्नाला मी नेहमी उलट विचारतो: कशानं?

आता काळजीखोर माणसाबद्दल. सगळ्यांना वाटतं की जो सतत चिंता करतो, लवकर खचतो, ज्याचा मूड वरखाली होतो, त्याचं बीपी ताणात सगळ्यात जास्त चढत असणार. मलाही तसंच वाटायचं. २००८ मध्ये चिदा आणि मार्क हॅमर यांनी अनेक प्रयोग एकत्र केले तेव्हा वैरभाव आणि आक्रमकता यांच्यासोबत वाढलेली उसळी दिसली, पण चिंता आणि भावनिक अस्थैर्य यांच्यासोबत उसळी कमीच दिसली. ब्रिटिश संशोधकांनाही पुढे असंच आढळलं: भावनिक अस्थैर्य जास्त असणाऱ्यांची हृदयाची आणि कॉर्टिसॉलची दोन्ही प्रतिक्रिया मंदावलेली. हे वाचून काळजीखोर वाचक सुटकेचा निःश्वास टाकतील, तर थांबा. मंद प्रतिक्रिया म्हणजे चांगलं हृदय असं नाही. डग्लस कॅरोल आणि ॲना फिलिप्स यांच्या कामात हीच मंदावलेली प्रतिक्रिया नैराश्य, लठ्ठपणा आणि व्यसन यांच्या संगतीत सापडते. त्याचा अर्थ बहुधा असा की शरीराला जिथे कामाला लागायला हवं तिथे ते लागत नाही. प्रसंग आला की बीपी थोडं चढणं हे यंत्रणा जागी असल्याचं लक्षण आहे. तुमचं हृदय त्या दाराबाहेर ७० वर स्वस्थ राहिलं असतं तर मी खूश झालो असतो असं समजू नका.

आणि आता तुम्ही. ‘मी शांत आहे’ असं म्हणणाऱ्यांत दोन जातीची माणसं असतात, आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. १९७९ मध्ये डॅनियल वाइनबर्गर, गॅरी श्वार्ट्झ आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी एक छान युक्ती केली. ‘मला चिंता वाटत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी दुसऱ्या एका प्रश्नावलीनं वेगळं केलं. स्वतःबद्दल फार चांगलं चित्र राखण्याची गरज किती आहे, हे ती मोजते. ती गरज नसलेले खरंच निवांत निघाले. ती गरज जास्त असलेल्यांच्या तोंडी शांतता, पण हृदयगती, तळव्यांचा घाम, कपाळाच्या स्नायूंचा ताण, सगळं वर. काही बाबतींत तर उघड चिंता करणाऱ्यांपेक्षाही वर.

ही माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच काही जाणवत नसतं. आमच्याकडे आलेल्या एक शिक्षिका मला आठवतात. भाषण झालं, वजाबाकी झाली, मी विचारलं ‘किती ताण आला, शून्य ते दहा?’ त्या हसून म्हणाल्या, “एक. उगीच शून्य कसं म्हणू.” त्यांचा ईसीजीचा कागद माझ्या हातात होता, नाडी ७२ वरून १२६ झालेली. मी कागद दाखवला तेव्हा त्यांनी आधी यंत्र बिघडलं असेल असं सुचवलं, मग जरा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “मग माझं डोकं का दुखतं रोज संध्याकाळी, त्याचा याच्याशी संबंध असेल का?”

तुम्ही त्यातले आहात असं मी म्हणत नाही. मला तुम्ही माहीत नाही. पण स्वतःला हे विचारून बघा: शेवटचा राग कधी आला होता? उत्तर पटकन आलं आणि तो प्रसंग नीट आठवला, तर बहुधा तुम्ही खरंच शांत आहात, आणि त्या दिवशीचा १५६ हा महत्त्वाच्या कामाआधीचा साधा चढ होता. ‘मला राग येतच नाही’ असं उत्तर आलं तर मात्र मी पुढची मोजमापं जरा काळजीनं बघेन.

सहकाऱ्याचं ‘नॉर्मल’ तुम्ही मनावर घेऊ नका. त्याचं बीपी मोजलं गेलं दवाखान्यात, शांत खोलीत, बहुधा त्याला डिवचणारं कुणी नसताना. वर सांगितलेलं कुलूप आठवा, तिथे किल्लीच नव्हती. दवाखान्यात नॉर्मल आणि कामाच्या ठिकाणी चढलेलं, याला लपलेला उच्च रक्तदाब म्हणतात, आणि तो दवाखान्यापुरत्या चढणाऱ्या ‘व्हाइट कोट’ प्रकारापेक्षा जास्त धोक्याचा. शिवाय भडकण्याचा स्वतःचा एक हिशेब असतो. संतापाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या जवळपास पाचपट होतो, असं २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आढाव्यात आलं. एका निरोगी माणसाच्या एका भडक्यासाठी हा धोका तरीही फार लहान राहतो, कारण मुळात पाचानं गुणायचा आकडाच लहान असतो. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याचं वेगळं. अठराव्या शतकातले थोर शल्यविशारद जॉन हंटर यांना छातीत कळा यायच्या, आणि आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कुठल्याही बदमाशाच्या हाती आहे, असं ते म्हणत. १७९३ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या बैठकीत वाद झाला आणि ते तिथेच गेले.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: घाईचा स्वभाव हृदयाला फारसा नडत नाही, कडवट संशय नडतो पण डिवचल्यावर, काळजीखोराचं हृदय प्रयोगशाळेत उलट कमी उसळतं, आणि ‘मला काही वाटत नाही’ ही साक्ष बीपीच्या बाबतीत फार भरवशाची नाही.

आता परिस्थितीचा भाग, जो स्वभावाच्या गप्पांत नेहमी गळतो. १९८० च्या दशकात अमेरिकन संशोधक जे कॅप्लान आणि स्टीफन मॅनक यांनी मकाक माकडांचे कळप पाळून पाहिले. काही कळप स्थिर ठेवले. काहींत नरांची सारखी अदलाबदल केली, म्हणजे कोण वरचढ हे दर थोड्या दिवसांनी नव्यानं ठरवावं लागे. अस्थिर कळपांतल्या वरचढ नरांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सर्वाधिक थर साचले. स्थिर कळपातल्या वरचढ नरांचं तसं झालं नाही. पुढे अस्थिर कळपांतल्या नरांना प्रोप्रॅनोलॉल दिलं, म्हणजे अड्रेनालिनची हृदयावरची टाच रोखणारं औषध, तेव्हा वरचढ नरांचं ते जादा नुकसानही टळलं. मला हा प्रयोग फार आवडतो. वरचढपणाचा स्वभाव दोन्हीकडे होता, पण तो महाग पडला फक्त तिथे, जिथे आपली जागा रोज नव्यानं राखायची होती. माणसांवर तो जसाच्या तसा लावू नये, पण कामाच्या ठिकाणी दर तीन महिन्यांनी पथकं मोडून नवी करणाऱ्या एका व्यवस्थापकाला मी तो सांगितला होता. त्याला काही तो आवडला नाही.

आणि तिसरा प्रश्न, खाली यायला लागणारा वेळ. एका सादरीकरणाआधी दहा मिनिटं बीपी १५६ झालं, संपल्यावर अर्ध्या तासात १२५ वर आलं, तर रक्तवाहिन्यांच्या दृष्टीनं ते जिना चढण्याहून फार वेगळं नाही. पण बैठक संपल्यावर ‘तो असं का म्हणाला, मी असं उत्तर द्यायला हवं होतं’ हे घरी जाईपर्यंत, जेवताना, उशीवर डोकं टेकल्यावरही चालू राहिलं, तर शरीराच्या दृष्टीनं बैठक संपलेलीच नसते. प्रयोगशाळेत चिडवल्यानंतर काही जणांना गप्प बसवून ठेवलं आणि काहींना चित्रं वगैरे बघायला दिली, तर दुसऱ्यांचं बीपी लवकर उतरतं. पहिल्यांना डोक्यात तोच प्रसंग घोळवायला मोकळा वेळ मिळतो, एवढाच फरक. आतल्या आत चघळणाऱ्या शांत माणसाला हा भाग बाहेर ओरडून मोकळं होणाऱ्यापेक्षा जास्त लागू पडतो, असं मला माझ्या रुग्णांत दिसत आलंय. याचा अर्थ ओरडणं हे औषध आहे असा मात्र नाही. राग काढला की तो निवतो ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. बहुतेकदा तो पेटतो.

स्वभाव बदलायचा कसा, हे तुम्ही विचारलं होतं. चाळिशीत मूळ धाटणी फारशी बदलत नाही आणि ती बदलायला मी कुणाला सांगतही नाही. त्या धाटणीचं वागणं मात्र बदलतं. फ्रीडमननीच पुढे हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांवर एक प्रयोग केला: नेहमीच्या सल्ल्यासोबत गटात बसवून रागाचं आणि घाईचं वागणं बदलायला शिकवलं. साडेचार वर्षांत त्या गटात पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण १२.९ टक्के राहिलं, नुसता हृदयरोगाचा सल्ला मिळालेल्यांत २१.२. टाइप ए ची मूळ कल्पना पुढे लंगडी पडली तरी हा निकाल मला अजून दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही.

तुमच्यासाठी मी औषध लिहिणार नाही, मोजणं लिहीन. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या पातळीवर, तोंड बंद. प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतरानं दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या खाली असेल तर घरचं बीपी ठीक. मग दिवसभर पट्टा बांधून चोवीस तासांची नोंद घेणारी अॅम्ब्युलेटरी तपासणी एकदा करून घ्या, आणि मुद्दाम कामाच्या दिवशी करा. सुटीच्या दिवशी केलीत तर तुमचा सहकारीही आणि तुम्हीही नॉर्मल याल. त्यात दिवसाची सरासरी १३५/८५ च्या आत, पूर्ण चोवीस तासांची १३०/८० च्या आत, आणि रात्री झोपेत बीपी दहाएक टक्क्यांनी उतरलेलं दिसलं, तर त्या १५६ ला घाबरायचं कारण नाही. उतरलंच नाही तर मला त्यात जास्त रस आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनाही असेल. तेव्हा घोरणं आणि झोपेतला श्वासही तपासून घ्यावा लागतो.

सादरीकरणाआधी काही करायचंच असेल तर मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, तीनचार मिनिटं, बाहेर सोडणं लांब. यानं व्हेगसची पकड परत घट्ट होते. फरक लहान असतो पण तुमच्या हातातला असतो. नियमित चालणं-पळणं उसळी कितपत कमी करतं यावर आमच्यात वाद आहेत. उतरणं लवकर होतं हे मी पुष्कळदा पाहिलंय. बीटा-ब्लॉकरची गोळी (माकडांना दिलेलं प्रोप्रॅनोलॉल त्याच जातीचं) सादरीकरणापुरती घ्यावी का, हे कुणी मित्र सांगेल म्हणून घेऊ नका, दमा असेल तर तर अजिबात नाही. आणि हे स्वभावाच्या खात्यात कधीच टाकायचं नाही: छातीत दाटून येणं, चालताना धाप, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ, ताणात डोळ्यांपुढे अंधारी. ‘टेन्शनचं असेल’ म्हणत घरी बसलेले लोक मी फार उशिरा पाहिलेत. बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत असलं काही, तर सरळ रुग्णालय.

एक शेवटचं काम सांगतो. पुढच्या सादरीकरणाला आधी मोजू नका. झाल्यावर मोजा: बाहेर आल्या आल्या, पंधरा मिनिटांनी, पाऊण तासानं, आणि रात्री झोपायच्या आधी. प्रत्येक आकड्याशेजारी त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा, ‘काही नाही’ असेल तर तेच लिहा. ते चार आकडे आणि त्या चार ओळी इथे टाकल्यात तर दाराबाहेरच्या १५६ पेक्षा मला त्यांवर बोलायला जास्त आवडेल.